पांढऱ्या डगल्यातले रंग

एक पोरगा खुर्चीत बसला आहे. अंगात भटारखान्याचा पांढरा डगला, एक कान भलताच मोठा, आणि हातात घट्ट धरलेला लालभडक रुमाल. खाइम सुतीनने १९२२-२३च्या सुमारास रंगवलेले हे चित्र आज पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आहे.

सुतीन मूळचा मिन्स्कजवळच्या स्मिलाविची गावचा. १८९३चा जन्म, गरीब ज्यू शिंप्याच्या अकरा मुलांतला दहावा. गावातल्या एका धर्मनिष्ठ म्हाताऱ्याचे चित्र काढले म्हणून त्याला बेदम मार बसला आणि त्याच्या भरपाईच्या पैशांवरच तो चित्रकला शिकायला बाहेर पडला, असे सांगतात. विल्नियसमध्ये शिकून १९१३ साली तो पॅरिसला पोचला. खिसा रिकामा, फ्रेंचची बोंब. त्याच्यासारखाच परदेशातून आलेला चित्रकार मोदिल्यानी त्याचा जिवलग झाला आणि त्यानेच आपल्या चित्रविक्रेत्याकडे, झ्बोरोव्स्कीकडे, त्याच्यासाठी शब्द टाकला.

सुतीनसमोर कोण बसायचे? आचारी, वेटर, हॉटेलातले हरकामे पोरे. माणूस समोर असल्याशिवाय तो कुंचला उचलत नसे. आधी रेखाटन करायचे नाही, थेट कॅनव्हासवर जाड रंग घालायचा. मनासारखे उतरले नाही की चित्र फाडून टाकायचे. आपलीच कितीतरी चित्रे त्याने अशी संपवली.

त्या डगल्याकडे जरा जवळून पाहा. लांबून पांढरा वाटणारा तो कपडा निळ्या, हिरव्या, पिवळ्या फटकाऱ्यांनी भरलेला आहे. खांदे उतरलेले, नाक वाकडे, चेहरा जणू आतून कुणी पिळल्यासारखा. तरीही यात टवाळी नाही. गणवेश सगळ्यांना एकसारखे करतो. सुतीनने त्यातून एकेक माणूस वेगळा काढला. पॅरिसच्या श्रीमंतांना ताट वाढणाऱ्या या पोरांना त्याने राजेरजवाड्यांसारखे समोर बसवले, हे त्याचे खरे मोठेपण.

अमेरिकी संग्राहक अल्बर्ट बार्न्सने पॅरिसमध्ये त्याचे असेच एक बेकरीतल्या पोराचे चित्र पाहिले आणि मग पन्नासाहून अधिक चित्रे एकदम विकत घेतली. सुतीनची उपासमार एका फटक्यात संपली.

पण त्याला जडलेला पोटातला अल्सर गेला नाही. नाझींनी फ्रान्स व्यापल्यावर ज्यू म्हणून तो गावोगाव लपत राहिला. दुखणे विकोपाला गेल्यावर त्याला पॅरिसला आणले, शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी तो गेला.

ओरांजरीत बहुतेक लोक मोनेची कमळे पाहायला जातात. तुम्ही गेलात तर खालच्या मजल्यावरही उतरा. तो पोरगा तिथे बसला आहे.