चौदा दिवस कुठून मोजायचे?

दहावीच्या वर्गात मासिक पाळी शिकवताना फळ्यावर बहुधा एक वर्तुळ निघते. त्याचे २८ भाग, पहिल्या चार-पाच भागांत रक्तस्राव आणि बरोबर समोर, चौदाव्या दिवशी, अंडमोचन. परीक्षेपुरते हे चालते. पण शाळा सुटली तरी वर्तुळ डोक्यात राहते. मुरबाड तालुक्यातल्या धसईसारख्या गावात अशा गोष्टी डॉक्टरपेक्षा शाळेतल्या बाईंना विचारणे सोपे जाते. लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली एखादी सून हळूच विचारते, ‘‘बाई, माझी पाळी कधी महिन्याने येते, कधी दीड महिन्याने. मग माझा चौदावा दिवस कुठला?’’

प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे. वर्तुळात मात्र त्याचे उत्तर नाही.

पाळीचे चक्र दोन तुकड्यांचे असते. पहिल्या तुकड्यात अंडाशयातली एक पुटिका वाढते, फुटते आणि अंडे बाहेर पडते. पुटिकेला वाढण्याचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. अपुरे खाणे, घटलेले वजन, मोठे आजारपण, थायरॉइडचा बिघाड अशा अनेक कारणांनी तो निरोप अडखळतो आणि हा तुकडा लांबतो. दुसऱ्या तुकड्याचे तसे नाही. फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि त्याचे आयुष्य साधारण ठरलेले असते : बारा ते चौदा दिवस. गर्भ राहिला नाही तर तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि पाळी येते. तेव्हा चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. जपानमधील निगाता येथे काम करणाऱ्या क्युसाकु ओगिनो या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२४ साली हे मांडले. पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी प्रत्यक्ष अंडाशय पाहून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता.

समजा, एका स्त्रीची लागोपाठ चार चक्रे २७, ३८, ४६ आणि ३१ दिवसांची झाली. प्रत्येकातून १४ वजा केले तर अंडमोचन १३, २४, ३२ आणि १७ व्या दिवसाच्या आसपास झाले असणार. ‘चौदावा दिवस’ धरून बसलेल्या जोडप्याचा अंदाज चारांपैकी एकदाच जमला असता! हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे. त्यात एक अडचण आहे, ती मुलेच दाखवतील : पुढची पाळी कधी येणार हेच ठाऊक नसेल तर मागे मोजायचे कुठून?

म्हणून शरीर आधीच देते ती खूण ओळखावी लागते. पुटिका वाढू लागली की इस्ट्रोजेन वाढते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथींचा स्राव बदलतो. एरवी तो नसतो किंवा चिकट, घट्ट असतो. अंडमोचन जवळ येते तसा तो पारदर्शक, बुळबुळीत होतो. दोन बोटांत धरून ओढला तर एकतारी पाकासारखी तार निघते. अशा स्रावातून शुक्राणू वर जाऊ शकतात, घट्ट स्रावात ते अडतात. अंडमोचनानंतर एक-दोन दिवसांत स्राव पुन्हा आटतो. (हाच स्राव काचपट्टीवर वाळवला तर सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते. ती मिठाच्या स्फटिकांची असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मिठाचे पाणी घालून थेंब वाळवला तर अशी नक्षी शाळेतही दाखवता येईल.)

जागतिक आरोग्य संघटनेने ऑकलंड, बंगळूर, डब्लिन, मनिला आणि एल साल्वादोरमधील सान मिगेल या पाच ठिकाणी ८६९ स्त्रियांना ही ओळख शिकवून पाहिली. १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पहिल्याच चक्रात ९३ टक्के स्त्रियांना अर्थ लावता येईल अशी नोंद करता आली. त्यांत निरक्षर स्त्रियाही होत्या. अर्थात या सर्वजणींना आधी मूल झालेले होते, त्यामुळे हा आकडा अनियमित पाळीला जसाच्या तसा लावू नये.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. ‘अंगावरून पांढरे जाणे’ या एका शब्दप्रयोगात निरोगी स्राव आणि रोगाचा स्राव दोन्ही कोंबलेले असतात. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे दिसले, त्याआधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. तेव्हा फरक सांगायलाच हवा. तार निघणारा, वास नसलेला, तीन-चार दिवसांत आपोआप थांबणारा स्राव हा आजार नव्हे. दुर्गंधी, खाज, पिवळा-हिरवा रंग, ओटीपोटात दुखणे यांपैकी काही असेल तर उपचार हवा, कारण जंतुसंसर्ग वर सरकून अंडनलिका बंद करू शकतो.

शरीराच्या तापमानाचीही एक पद्धत आहे. अंडमोचनानंतर सकाळचे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढते आणि पाळीपर्यंत चढलेले राहते. पण ते अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज एकाच वेळी मोजावे लागते. पहाटे पाण्याला जाणाऱ्या किंवा आवणीच्या दिवसांत अर्धवट झोपेत उठणाऱ्या बाईला हे जमणे कठीण. शिवाय तापमान चढते तोवर वेळ निघून गेलेली असते. अंडमोचन झाले एवढीच खात्री पटते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या अंडमोचनाच्या २४ ते ३६ तास आधी सूचना देतात. परंतु अनियमित पाळीचे एक मोठे कारण म्हणजे पीसीओएस, आणि त्यात ते संप्रेरक एरवीही वाढलेले असू शकते. मग पट्टी उगाच होकार देत राहते. स्रावही अशा वेळी फसवतो : पुटिका वाढते, तार दिसते, पण अंडे न सुटताच सारे थांबते.

सोबत राहणाऱ्या जोडप्याने या खुणांत फार गुंतू नये असे मला वाटते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, अंडे जेमतेम एक दिवस. अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात गर्भधारणेला उपयोगी ठरले ते अंडमोचनाचा दिवस धरून सहाच दिवस. दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असेल तर ते दिवस आपोआप गाठले जातात. खुणांचा खरा उपयोग नवरा कामासाठी बाहेरगावी असतो त्या घरांत. एक जण वीटभट्टीवर आणि दुसरे गावी, असे महिने गेले तर मूल न होण्याचे कारण शरीरात नसून वेळापत्रकातही असू शकते. दोष मात्र बाईच्याच माथी जातो.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. चक्रे वारंवार ३५ दिवसांहून लांबत असतील तर एवढेही थांबू नये. पहिल्या खेपेलाच दोघांनी जावे. वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, तरी ती सर्वांत शेवटी होते! स्त्रीच्या तपासण्यांत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी असते. आपल्या देशात अंडनलिकांचा क्षयही विसरता येत नाही. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ लिहून दिली जाते, ती २८ दिवसांचे चक्र गृहीत धरून. ४६ दिवसांच्या चक्रात ती एकविसाव्या दिवशी केली तर अंडे सुटायचेच असते आणि अहवाल विनाकारण वाईट येतो. ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी व्हायला हवी. म्हणून जाताना कालनिर्णयची मागच्या सहा महिन्यांची पाने न्यावीत. रक्तस्राव सुरू झाला त्या दिवशी फुली, तार दिसली त्या दिवशी टिंब, एवढ्या खुणांवरून डॉक्टरांना तपासणीचा दिवस ठरवता येतो.