नंबर वन: कोणत्या देशात, कोणत्या आठवड्यात?

क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण त्या भरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी जगभर नंबर वन होतं.’ त्याला जोडून दुसरं: ‘लेड झेपलिनचं एकही गाणं नंबर वन झालं नाही, म्हणजे ते तेवढे मोठे नव्हतेच.’ ऐकून ऐकून कान किटले. दोन्ही विधानांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: नंबर वन म्हणजे साऱ्या जगाचा कौल.

वस्तुस्थिती अशी की प्रत्येक देशाची यादी वेगळी, ती दर आठवड्याला बदलणारी आणि तिचे मोजणीचे नियमही वेगळे. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाची जागतिक गाण्यांची यादी तर 2020 मध्ये सुरू झाली. ब्रिटनच्या अधिकृत यादीत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ 1975-76 च्या हिवाळ्यात सलग नऊ आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत मात्र 1976 मध्ये बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत ते नवव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. 1992 मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटात गाडीत कोंबून बसलेली पोरं त्यावर माना झटकत गातात, त्या प्रसंगाने गाणं तिथे पुन्हा गाजलं, तरी दुसऱ्या क्रमांकावरच अडलं. त्याच्या वर होतं क्रिस क्रॉस या शाळकरी वयाच्या जोडीचं ‘जंप’.

आता झेपलिन. ‘स्टेअरवे टू हेवन’ 1971 मध्ये अल्बममध्ये आलं. विकण्यासाठी स्वतंत्र सिंगल म्हणून बँडने ते काढलंच नाही. आणि बिलबोर्डच्या हॉट 100 यादीचा 1998 च्या अखेरीपर्यंतचा नियम होता की सिंगल दुकानात विकायला नसेल, तर रेडिओवर रात्रंदिवस वाजूनही गाणं यादीत येणार नाही. त्याच नियमापायी नो डाउट बँडचं ‘डोन्ट स्पीक’ बिलबोर्डच्याच रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं राहूनही हॉट 100 मध्ये दिसलं नाही. परीक्षेचा फॉर्मच न भरलेल्याला नापास कसं म्हणता?

सिंगल काढलं तरी त्या आठवड्यात समोर कोण आहे, यावरही क्रमांक ठरतो. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची 1969-70 मध्ये पाच सिंगल्स हॉट 100 मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. पहिलं एकही आलं नाही. त्यांच्या ‘ग्रीन रिव्हर’ला अडवलं ‘शुगर, शुगर’ने. ते होतं आर्चीज या कार्टूनमधल्या बँडचं, आणि स्टुडिओतल्या गायकांनी गायलेलं! यावरून कुणी आर्चीजना क्रीडन्सपेक्षा मोठा बँड ठरवणार आहे का?

मोजणीही स्थिर नाही. 1991 च्या अखेरीपर्यंत हॉट 100 दुकानदार आणि रेडिओ केंद्रं सांगतील त्या माहितीवर चाले. मग बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली, पुढे स्ट्रीमिंगची भर पडली. म्हणून 1970 चा नंबर वन आणि आजचा नंबर वन एका मापाने मोजता येत नाहीत.

आणखी काही गैरसमज थोडक्यात:

फ्रेडीचा जन्म मुंबईचा. नाही. 1946 मध्ये झांझिबारला.

अमेरिकेत गाणं रेडिओवर वाजलं की बँडला पैसे मिळतात. एएम-एफएम रेडिओकडून रचनाकारांना मिळतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना त्या नात्याने काहीही नाही.

प्लॅटिनम म्हणजे अल्बमच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या. अमेरिकेत 2016 पासून 1,500 स्ट्रीम एका अल्बमइतकी धरली जातात.

नॉर्वेच्या आ-हा बँडचं ‘टेक ऑन मी’ सोडून काहीच चाललं नाही. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. पहिलं आलं ते त्यांचं पुढचं सिंगल, ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’.

तेव्हा एखादं गाणं नंबर वन होतं असं सांगायचं असेल, तर देश, आठवडा आणि यादीचं नाव सांगा. ही तिन्ही ठाऊक नसतील, तर त्या आकड्यावरून कुठल्याही बँडला लहान-मोठं ठरवू नका.