पहारा

श्री गुरुग्रंथसाहिबचा अखंड पाठ साधारण ४८ तास चालतो. पाने १४३०. वाचणारा पाठी बदलतो, पाठ मात्र तुटत नाही; उठणाऱ्याच्या ओळीवर बसणारा आधीच नजर ठेवून असतो. नांदेडला या पाठाचे महत्त्व आगळे आहे. ऑक्टोबर १७०८ मध्ये इथेच, गोदावरीकाठी, गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागे देहधारी गुरू नेमला नाही. गुरूपद ग्रंथाकडे दिले आणि त्या ग्रंथाभोवती जमणाऱ्या संगतीवर विश्वास टाकला. त्याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि नामदेवांचे नरसी शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यात.

आता नांदेड-लातूरकडच्या एखाद्या खेड्यातला अखंड हरिनाम सप्ताह पाहा. कीर्तनकार कोण, पंगत कुणाची, हे पत्रिकेवर छापलेले असते. पण सप्ताह तगतो तो पहाऱ्याच्या यादीवर. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा उभी राहिली पाहिजे. ती जमिनीला टेकवायची नाही, हा नेम. म्हणून गावकरी तासांचे पहारे वाटून घेतात.

रात्री दोन ते चारचा पहारा सगळ्यांत कठीण. जेवून मंडळी घरी गेलेली, मंडपात पाच-सात माणसे, तीही दिवसभर रानात राबलेली. मध्ये विणेकरी, दोन्ही अंगांना टाळकरी. नामाची चाल संथ होत जाते, एखाद्याची मान कलते. शेजारचा काही बोलत नाही; टाळ जरा जोरात वाजवतो आणि चाल वर उचलतो. मान सरळ होते. थोड्या वेळाने त्या शेजाऱ्यालाच डुलकी येते आणि दुसरा त्याला सावरतो. चारला पुढचा गडी येतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तरणा पोर वीणा घेत असेल तरी सत्तरीचा म्हातारा त्याच्यापुढे वाकतो. मग काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. मला विचाराल तर सप्ताहातला सगळ्यांत मोठा परमार्थ त्या निजानीज झालेल्या मंडपातच घडतो. एकट्याने सात रात्री जागणे कुणालाच जमत नाही. गावाला जमते.

या भागात हे शहाणपण जुने आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, आणि त्याच जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातले बसवण्णांचे कल्याण. तिथल्या अनुभवमंटपात अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी, आणि चर्चेला धोबी, नावाडी, चांभार, स्त्रिया सगळे. परमार्थातला अनुभव एकमेकांसमोर मांडायचा आणि तपासून घ्यायचा, अशी ती रीत.

तिथल्या मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची कथा लिंगायत घरांत आवडीने सांगतात. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर घरचे अन्नदान चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने विचारले, रोजच्यापुरते सोडून हे जादाचे कशाला? हा लोभ आपल्याला नको, परत टाकून या. मारय्या निमूट गेला. नवऱ्याची साधना घसरत होती आणि ती थोपवली बायकोने. मन्मथस्वामींच्या परमरहस्य या ग्रंथाचे पारायण करणारी लिंगायत लातूर-नांदेडची घरे आजही जमून वाचतात, जमून जेवतात. अहमदपूरच्या शिवलिंग शिवाचार्य महाराजांनी २०२० मध्ये देह ठेवेपर्यंत शिवनाम गावोगाव नेले.

सप्ताह अलीकडे थोर झाले आहेत. मंडप मोठे, भोंगे मोठे, कीर्तनकारांचे मानधनही मोठे. त्याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की गर्दी कीर्तनाला होते आणि पहाऱ्याला माणूस शोधावा लागतो. सप्ताह चांगला की वाईट हे पंगतीच्या आकड्यावरून ठरवू नये. यादीत कुठकुठल्या गल्लीतली नावे आहेत ते बघावे. बऱ्याच गावांत रात्रीचे पहारे अजून पुरुषांचेच असतात. ज्या मुलखात लक्कम्माची कथा सांगतात तिथे हे शोभत नाही. म्हणून यंदा गावी जाल तेव्हा काल्याचा प्रसाद घेऊन लगेच गाडी धरू नका. दोन दिवस आधी जा, आणि पहाऱ्याला आपल्यासोबत घरातल्या लेकीसुनांचीही नावे द्या.