प्रोसेसरांची स्पर्धा आणि ‘परम’चा अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेत विक्रीस असलेला मेजावरील संगणक व खिशातील फोन यांत सामान्यतः दोन प्रतिस्पर्धी कुळांचे प्रोसेसर आढळतात : पहिल्यात एक्स-८६ आणि दुसऱ्यात आर्म. यांपैकी कोणते कूळ टिकेल, हे केवळ गतीच्या तुलनेने सांगता येत नाही.

प्रोसेसरने कोणत्या आज्ञा ओळखावयाच्या, हे त्याच्या आज्ञासंचाने ठरते. त्या किती त्वरेने पार पडाव्यात, हे अंतर्रचनेने. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ठरते. नव्या मागाची छिद्ररचना निराळी असल्यास, तो कितीही वेगवान असला तरी साठविलेले पुठ्ठे निरुपयोगी होतात. आज्ञावल्यांचेही तसेच होय.

पुण्याच्या ‘सी-डॅक’ने (स्थापना १९८८) घडविलेले परम महासंगणक या दृष्टीने उद्बोधक आहेत. १९९१ च्या परम ८००० मध्ये इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. परस्परांशी जोडण्याच्या चार वाहिन्या अंगभूत असल्याने समांतर गणनास ते विशेष अनुकूल होते. तथापि त्यांची पुढील पिढी, टी-९०००, फार रेंगाळली व बाजारात रुजली नाही. पुढे परम १०००० मध्ये (१९९८) सन कंपनीचा स्पार्क, परम पद्ममध्ये (२००३) आयबीएमचा पॉवर-४ आणि परम युवामध्ये (२००८) इंटेलचा झिऑन, म्हणजे एक्स-८६ कुळातीलच प्रोसेसर, योजण्यात आला.

उत्तम रचनेचे कूळही खुंटते, याचे एक प्रमुख कारण आर्थिक आहे. नव्या पिढीच्या आखणीचा प्रचंड खर्च विकल्या जाणाऱ्या नगांवर विभागला जातो. वैयक्तिक संगणकांच्या अफाट खपामुळे एक्स-८६ ला तो पेलवला. मात्र खुद्द इंटेलने २००१ मध्ये आणलेला इटानियम, आज्ञासंच नवा असल्याने, २०२१ मध्ये अस्तास गेला. उलट, जुना आज्ञासंच कायम राखून एएमडीने २००३ मध्ये ६४ बिटांपर्यंत विस्तारलेला एक्स-८६ सर्वत्र रूढ झाला.

आर्मने मुख्यतः रचनेचे परवाने देऊन अनेक उत्पादकांना आपल्या कुळात आणले. २०१० मध्ये बर्कले येथे आरंभलेला रिस्क-फाइव्ह आज्ञासंच त्याही पुढे जातो. तो कोणासही परवानाशुल्काविना वापरता येतो. सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर त्यावरच आधारलेले आहेत. त्याच्या आज्ञावल्यांचा संचय एक्स-८६ इतका जुना नाही. परंतु एखादा निर्माता बुडाला तरी हा आज्ञासंच त्याच्याबरोबर बुडत नाही.

सारांश, प्रोसेसरची निवड करताना गतीबरोबरच आज्ञावल्यांचा संचय, उत्पादनाचा व्याप आणि आज्ञासंचावरील हक्क यांचाही विचार अवश्य झाला पाहिजे. संशोधकाची आज्ञावली यंत्राहून अधिक काळ जगावयाची असते.