स्किझोफ्रेनियामध्ये लक्ष लागत नाही: संगीतोपचाराचा किती उपयोग होतो?

"गोळ्या वेळेवर चालू आहेत, आवाज ऐकू येणं थांबलंय, पण कशातच लक्ष लागत नाही हो त्याचं." स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे नातेवाईक ही तक्रार हमखास करतात. दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच येते. पेपर हातात असतो, पण अर्ध्या तासाने पान तेच. घरच्यांना वाटते, आळशी झाला आहे.

हा आळस नाही. लक्ष टिकवणे अवघड जाणे हा या आजाराचाच एक भाग आहे आणि अनेकांमध्ये तो पहिली गोळी सुरू होण्याआधीपासून असतो. भास आणि संशय औषधांनी बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. लक्ष आणि स्मरणशक्तीवर मात्र त्यांचा परिणाम कमी दिसतो. शिवाय काही गोळ्यांनी पेंग येते. हातांची थरथर कमी व्हावी म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलसारखी गोळीही लक्ष आणि स्मरणशक्ती मंद करू शकते. त्यामुळे सर्वात आधी सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. डोस कमी-जास्त करणे, वेळ बदलणे हे त्यांनीच ठरवायचे. स्वतःहून गोळी बंद करू नका.

संगीतोपचार म्हणजे नेमके काय?

मोबाईलवर गाणी लावून ठेवणे म्हणजे संगीतोपचार नव्हे. त्याने बरे वाटते, तेही चांगलेच आहे. पण लक्षाला त्यातून फारसा सराव मिळत नाही. संगीतोपचारात प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकट्या रुग्णाबरोबर किंवा लहान गटात काम करते आणि रुग्ण स्वतः गातो, वाजवतो किंवा ताल धरतो.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. केहरवा हा आठ मात्रांचा ताल. पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचवीवर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा. यात रुग्णाला एकाच वेळी ऐकावे लागते, मोजावे लागते, बरोबर क्षणी टाळी द्यावी लागते आणि खालीला हात आवरावा लागतो. हे आवरणेसुद्धा लक्षाचेच काम आहे. जमू लागले की लय थोडी वाढवतात. मग दुसरे वाद्य सुरू करून सांगतात, "त्याकडे दुर्लक्ष करा, फक्त तबला ऐका." कुणाशी बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्या मोजताना आपण साधारण हेच करत असतो.

तालाचा एक मोठा फायदा असा की पुढची मात्रा कधी येणार हे आधीच कळते. मन भरकटले तरी पुढच्या समेवर पुन्हा सामील होता येते. भजनात टाळ चुकला म्हणून कोणी भजन थांबवत नाही. वाचताना किंवा हिशेब करताना अशी सोय नसते. एकदा धागा सुटला की रुग्ण ते कामच सोडून देतो.

पुरावा काय सांगतो?

2017 मध्ये कोक्रेन या संस्थेने स्किझोफ्रेनियातील संगीतोपचारावरील 18 अभ्यासांचा, म्हणजे एकूण 1215 रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यावर निरुत्साह, गप्प राहणे, लोकांत न मिसळणे यांत सुधारणा दिसली. मात्र पुराव्याचा दर्जा मध्यम ते कमी होता आणि परिणाम सत्रांच्या संख्येवर व गुणवत्तेवर अवलंबून होता. लक्षाबाबतचा पुरावा तर याहून तोकडा आहे. म्हणून मी रुग्णांना सांगतो: जोड म्हणून जरूर करा, औषधाऐवजी नको. अमुक रागाने अमुक मानसिक आजार बरा होतो, असे सांगून रेकॉर्डिंग विकणाऱ्यांपासून लांबच राहा. त्याला भरवशाचा आधार नाही.

घरी काय करता येईल?

घरचा सराव म्हणजे उपचार नव्हे, पण तो निरुपद्रवी आणि फुकट आहे. रोज दहा मिनिटे पुरे. गाणे रुग्णाच्या आवडीचे असावे, तुमच्या नव्हे. टीव्ही बंद, आवाज मध्यम. शेजारी बसून दोघांनी मिळून टाळी धरा, किंवा "ढोलकी सुरू झाली की हात वर कर" असे काही ठरवा. चुकला तर हसून पुढे जा. त्याची परीक्षा घेऊ नका आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच करून दाखवायला लावू नका.

काही वेळा मात्र थांबावे लागते. "हे गाणे माझ्याबद्दलच आहे", "गायक मला इशारा देतोय" असे रुग्ण म्हणू लागला तर गाणी बंद करून डॉक्टरांना कळवा. बायपोलर आजारात झोप उडाली असेल, बडबड वाढली असेल तर जलद, मोठ्या आवाजातले संगीत नको. डिप्रेशनमध्ये तीच ती उदास गाणी तासन्‌तास ऐकत बसणेही बरे नाही.

संगीतोपचार देणाऱ्याकडे जाताना त्यांचे प्रशिक्षण काय आणि मानसिक रुग्णांबरोबर त्यांनी काम केले आहे का, हे विचारा. ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला तयार असले पाहिजेत. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसतील तर शासनाच्या टेली मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

दोन-तीन महिन्यांनी फरक तपासताना टाळी किती बरोबर पडते हे पाहू नका. दुकानातून किती वस्तू आल्या, जेवताना गप्पांत किती वेळ सहभाग होता, हे वहीत लिहा आणि पुढच्या ओपीडीला ती वही सोबत न्या.