खिडक्यांच्या जुन्या लाकडी चौकटींची दुरुस्ती

चौकटीचा कुजलेला, किडलेला वा फुटलेला भाग काढून त्या जागी मूळ लाकडाशी जुळणारा तुकडा सांधणे, हे या दुरुस्तीचे मुख्य अंग होय. संपूर्ण चौकट बदलल्यास तिच्यावरील कोरीव काम, हत्यारांच्या खुणा व भिंतीशी असलेला मूळ जोड कायमचा नष्ट होतो. म्हणून शक्य तितके जुने लाकूड राखणे इष्ट ठरते.

हानीची कारणे : चौकट सर्वत्र सारखी खराब होत नाही. पावसाचे पाणी खालच्या आडव्या लाकडावर साचते व उभ्या लाकडांच्या तळाशी शिरते. लाकडाच्या टोकाशी वाहिन्या उघड्या असल्याने तेथे पाणी फार जलद शोषले जाते. जलांश दीर्घकाळ सु. २०% च्या वर राहिल्यास कवके वाढून लाकूड कुजते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल कोंडून ही हानी वाढते. पाणी येण्याचा मार्ग आधी बंद न केल्यास नवा तुकडाही कुजतो.

लाकडाची निवड : लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार फुगते व आकसते. वाढीच्या वलयांना स्पर्शरेषेच्या दिशेने होणारे आकसणे त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारणपणे दुप्पट असते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. त्यामुळे जात, जलांश व तंतूंची दिशा न जुळल्यास जुने व नवे लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात हलते आणि सांधा उघडतो. रंगाचे साम्य हे त्यामानाने गौण होय. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत बहुधा साग वापरलेला आढळतो. सागाचे मध्यकाष्ठ टिकाऊ असते, परंतु रसकाष्ठ लवकर किडते. कोवळ्या झाडांत त्याचे प्रमाण अधिक असते. अशा वेळी पाडलेल्या घरांतील जुना साग उपयुक्त ठरतो. मात्र त्यातील खिळे आधी काढावे लागतात, अन्यथा करवत व रंधा यांची धार जाते.

पद्धती : टोच्याने टोचून निकोप लाकडाची सीमा ठरवितात. उभ्या लाकडाचे तळाचे टोक तिरकस कापून तशाच कापाचा नवा तुकडा जोडतात. सांध्याचा उतार बाहेरच्या बाजूस ठेवल्यास पाणी आत शिरत नाही. कोपऱ्यातील कुसू मोडल्यास नवे कुसू बसवितात. लहान खड्ड्यात ठिगळ बसविताना तंतूंची दिशा सारखी ठेवतात. सागातील तेलकट द्रव्यामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून पृष्ठ ताजे तासून लगेच जोडतात व सांधा लाकडी मेखांनी पक्का करतात. नवा तुकडा किंचित जाड ठेवून शेवटी रंध्याने जुन्याच्या पातळीस आणतात. उघड्या टोकांना तेल वा रंग आवर्जून देतात.

ऐतिहासिक इमारतींच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय स्मारक व स्थळ परिषदेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार बदली लाकूड शक्यतो त्याच जातीचे असावे व त्यावर ओळखीची अस्पष्ट खूण करावी. यामुळे दुरुस्ती नजरेत खुपत नाही, तसेच पुढील अभ्यासकाची दिशाभूलही होत नाही.