पन्नाशीचा वाढदिवस आणि जानेवारीतलं गुपित

बायकोची पन्नाशी जवळ आली आहे, वाढदिवस ऐन थंडीत येतो आणि तिला न सांगता कुठेतरी घेऊन जायचं मनात आहे, असं म्हणणारे नवरे हल्ली बरेच भेटतात. नवऱ्याच्या साठीसाठी असाच बेत करणाऱ्या बायकाही भेटतात. कुठे जायचं ठरलंय, असं विचारलं की बहुतेकांची उत्तरं दोनच असतात: गुलमर्गचा बर्फ, नाहीतर नाताळातला गोवा. दोन्ही ठिकाणं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण न सांगता न्यायच्या सहलीला ती कितपत योग्य, हे सहसा कोणी तपासून बघत नाही.

एरवी सहल ठरते तेव्हा घरात बोलणं होतं. "एवढा बसचा प्रवास मला नको," "तिथे चढण फार आहे," "त्यापेक्षा दोन दिवस कमी करू," असं ती म्हणते आणि बेत आपोआप सुधारत जातो. गुपित ठेवलं की हे बोलणं बंद होतं. तिच्या वतीने आपणच निर्णय घेत असतो. म्हणून तिचे आक्षेपही आपणच तिच्या बाजूने घ्यायचे, आणि आपल्याला आवडलेला बेत त्यात टिकत नसेल तर सोडून द्यायचा. सगळी मेहनत इथे आहे. बुकिंग हे त्यापुढे अगदी किरकोळ काम.

आणखी एका गोष्टीचा विचार फारसा होत नाही. मुलं शाळेत असताना मराठी घरं फिरतात ती दिवाळीत आणि मे महिन्यात. जानेवारीत स्नेहसंमेलन असतं, पुढे सराव परीक्षा, मग दहावी-बारावी. त्यामुळे जी ठिकाणं फक्त जानेवारीतच बघण्यासारखी आहेत, ती वीस-पंचवीस वर्षं मागेच पडत राहतात. उटी, महाबळेश्वर, सिमला झालेलं असतं. कच्छचं रण, तंजावर, हंपी राहिलेलं असतं. पन्नाशीत मुलं मोठी झालेली असतात आणि जानेवारी पहिल्यांदाच मोकळा मिळतो. तो मे महिन्यातल्यासारख्याच सहलीवर खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी बर्फाचं बघू, कारण मोह त्याचाच जास्त. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास 'चिल्लई कलां' सुरू होतो. तो चाळीस दिवस चालतो, त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. या चाळीस दिवसांत श्रीनगरमध्ये रात्रीचं तापमान शून्याखाली जातं आणि नळातलं पाणी गोठतं. बर्फ मात्र तारखेवर पडत नाही. तो येतो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांबरोबर, आणि ते कधी येतील हे फार तर काही दिवस आधी कळू शकतं. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बरेच दिवस जवळजवळ कोरडे होते. बर्फ पडला तो महिनाअखेरीला. उलट, भरपूर बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गपुढे चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांशिवाय जाता येत नाही. ज्या दिवशी पन्नाशी आहे त्याच दिवशी बर्फ बघायचा, हा हट्ट निसर्गाने पुरवलाच पाहिजे असं नाही.

उंचीचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास व्हायला लागतो. गुलमर्गच सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथला गोंडोला दुसऱ्या टप्प्यात चार हजार मीटरच्या जवळ नेतो. लेहला तर विमानातून उतरतो तेच साडेतीन हजार मीटरवर. ज्याला कुठे जायचं हे माहीत आहे, तो आधी डॉक्टरांना विचारतो, रक्तदाब तपासतो, गोळ्या घेतो, पहिले दोन दिवस पडून राहतो. जिला माहीतच नाही, ती यातलं काही करू शकत नाही. त्यामुळे उंच ठिकाणं गुपित सहलीच्या यादीतून मी सरळ काढून टाकतो. बर्फाची तिला खरोखर ओढ असेल तर तो बेत तिला सांगून, तिच्याबरोबर बसून करावा.

दुसरा अडथळा धुक्याचा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पंजाबपासून बिहारपर्यंतच्या गंगेच्या मैदानात रात्री जमीन झपाट्याने निवते, वारा पडलेला असतो, हवेत ओल असते, आणि पहाटे हाताच्या अंतरावरचं दिसेनासं होतं. गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, दिल्लीची विमानं खोळंबतात. वाढदिवसाच्या पहाटे ताजमहाल बघायचा म्हणून आग्र्याला जावं आणि समोर नुसता पांढरा पडदा असावा, हे या दिवसांत सहज घडतं. वाढदिवस फेब्रुवारीच्या मध्यावर असेल तर आग्रा आणि जवळचं भरतपूर दोन्ही उत्तम. नोव्हेंबरात असेल तर वाराणसी. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला तिथे देवदिवाळी असते आणि सगळे घाट पणत्यांनी उजळतात. मधले सहा आठवडे तेवढे टाळावेत.

मग जावं कुठे? तिथीकडे बघा. कच्छचं पांढरं रण चांदण्यात बघायचं असतं, म्हणून वाढदिवसाच्या जवळची पौर्णिमा कालनिर्णयात शोधायची. दत्तजयंतीची मार्गशीर्ष पौर्णिमा तशी लवकरची. पावसाळ्यात रणात साचलेलं पाणी तोवर पुरतं आटलेलं असेलच असं नाही; पाऊस लांबला असेल तर डिसेंबरातही पायाखाली चिखल लागतो. शाकंभरी पौर्णिमा, म्हणजे पौषातली, जास्त खात्रीची. पाणी उडून गेलेलं असतं, मिठाचा थर टणक झालेला असतो, आणि चंद्र वर आला की तो थर क्षितिजापर्यंत उजळतो. मुंबईहून भुजला थेट रेल्वे आहे. भुजपासून रणाच्या काठचं धोरडो ऐंशी-एक किलोमीटर. वाटेत परवाना काढावा लागतो, त्यासाठी ओळखपत्र लागतं. तंबूतली रात्र मात्र कडाक्याच्या थंडीची असते, आणि वाळवंटी रस्त्यावर स्वच्छ स्वच्छतागृहं दूरदूर असतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईच्या शरीरात जे बदल चाललेले असतात ते लक्षात घेता हा तपशील छोटा नाही. गाडी स्वतंत्र ठरवावी, थांबे आधी विचारून घ्यावेत, आणि एक रात्र तंबूत काढली तर बाकीच्या भुजमध्ये पक्क्या खोलीत काढाव्यात.

गाण्याची आवड असलेल्या जोडीदारासाठी मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तंजावर. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्येकडच्या पावसाचा काळ असतो. जानेवारीत तो ओसरतो, भाताची शेतं कापणीला येतात, पोंगल साजरा होतो. तंजावरपासून तेरा किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुवैयारू आहे. संत त्यागराजांनी १८४७मध्ये तिथेच देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला, पौष वद्य पंचमीला, तिथे आराधना होते, आणि ही तिथी बहुधा जानेवारीत येते. सकाळी मांडवात शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगा करून जमिनीवर मांडी घालून बसतात. नामवंत कलाकाराच्या शेजारी एखादी शाळकरी मुलगी असते. मग नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती सगळे मिळून गातात. तिकीट नाही, एकट्याचं गाणं नाही, त्या वेळी कोणी मोठा-लहान नाही. पूर्वी इथे बायकांना गाता येत नसे. बंगळूरच्या नागरत्नम्मा यांनी स्वतःची मिळकत घालून समाधीवर मंदिर उभारलं आणि बायकांच्या गाण्यासाठी झगडा दिला. आज रांगांमध्ये ज्या शेकडो बायका बसतात, त्या त्यांच्यामुळे. पन्नास वर्षांच्या, घर सांभाळताना गाणं मागे ठेवलेल्या बाईला हे ठिकाण दाखवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय तंजावर आपल्याला परकं वाटत नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पुरं केलेलं बृहदीश्वराचं मंदिर बघताना सुमारे साठ मीटर उंचीच्या शिखराने मान वर होतेच. पण त्याच मंदिराच्या भिंतीवर सर्फोजीराजांनी १८०३मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, आणि तो मराठीत आहे. तमिळ मुलखात, हजार वर्षांच्या दगडावर आपण एकेक अक्षर लावत मराठी वाचू लागतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं आहेत. विमानाने तिरुचिरापल्लीला उतरलं की तंजावर साठ किलोमीटरच्या आत. देवळाच्या दगडी अंगणात अनवाणी चालायचं असतं, पण चढ नाही, आणि जानेवारीत दगड सकाळी तापलेला नसतो. आराधनेच्या दिवसांत राहण्याच्या जागा लवकर भरतात, तेवढी एक घाई करावी लागते.

वारीला जाणाऱ्या, विठ्ठलावर जीव असलेल्या माणसासाठी हंपी. कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती पंढरपुरी परत आणली, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली असते. तुंगभद्रेकाठच्या विठ्ठल मंदिरात दगडी रथ आहे, नक्षीचे खांब आहेत आणि गाभाऱ्यात मूर्ती नाही. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर माळकरी माणूस उभा राहिला की पुढे काय होतं ते बघण्यासाठी तरी जावं. डिसेंबर-जानेवारीशिवाय हंपीचे खडक फार तापतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर अंजनाद्री टेकडीच्या पावणेसहाशे पायऱ्या बेतातून वगळाव्यात. खालून दिसतं तेवढंही पुष्कळ आहे.

आणि रजाच नसेल, सासूबाईंना एकटं ठेवता येत नसेल, तर पुण्यापासून शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. तिथे उजनी धरणाचं पाणी जानेवारीनंतर ओसरायला लागतं, उथळ कडेला रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस दिसतात. कुंभारगावचे मच्छीमार उजाडताच होडीतून नेतात. एका दिवसाची सहल आहे म्हणून ती कमी दर्जाची मानायचं कारण नाही. पक्ष्यांचं वेड असलेल्या नवऱ्याला साठीला दुसरं काही नको असतं.

ताडोबासाठी मात्र मी जरा थांबायला सांगेन. थंडीत जंगल देखणं असतं, पण पाणी सगळीकडे असल्याने वाघ पाणवठ्यावर यावाच असं नाही. त्याची जास्त खात्री एप्रिल-मेमध्ये असते. पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी हाडापर्यंत जाते, हेही ध्यानात ठेवावं.

आता गुपिताबद्दल. तारीख लपवू नये, ठिकाण लपवावं. पन्नाशीतल्या बाईच्या दिवसात ऑफिस असतं, सासूबाईंच्या गोळ्या असतात, दूधवाला, कामाच्या मावशी, तुळशीला पाणी असतं. विमानतळावर नेऊन "बघ, कुठे चाललोय!" म्हटलं, तर तिच्या डोक्यात आधी हे सगळं येईल आणि आनंद मागे पडेल. "अमुक तारखेपासून पाच दिवस मोकळे ठेव, घराचं मी बघतो," एवढं महिनाभर आधी सांगावं, आणि घराचं खरंच बघावं. बॅगेत काय घ्यायचं तेही सांगावं: सुती कपडे किती, लोकरीचं काही लागेल का, चालायचे बूट हवेत का, रोजच्या गोळ्या.

ओळखपत्राकडे नीट बघा. आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, पॅनवर मधलंच काहीतरी, असं आपल्याकडे सर्रास असतं. जे कार्ड ती पर्समध्ये बाळगते, त्यावरचंच नाव जसंच्या तसं तिकिटावर हवं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणून जानेवारीच्या तिकिटासाठी नोव्हेंबरातच जागं राहावं लागतं. तिकीट काढताना मोबाइल क्रमांक स्वतःचा द्यावा. खातं दोघांचं असेल तर पैसे दुसऱ्या खात्यातून भरावेत, नाहीतर बँकेचा संदेश आधी तिच्याच फोनवर पोचतो. परदेशी जायचं असेल तर व्हिसाला तिची सही, फोटो, कधी बोटांचे ठसे लागतात. तिथे गुपित टिकणार नाही हे धरूनच चालावं.

ठिकाणाचं नाव निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं तर चांगलं. तिला रात्रभर त्याबद्दल विचार करता येतो, बहिणीला फोन करता येतो, ठेवणीतली साडी शोधता येते. तंजावरला जायचं असेल तर ती तानपुऱ्याचं अॅप फोनमध्ये घेईल, हंपीला जायचं असेल तर गळ्यातली माळ चाचपून बघेल. पोचल्याच्या दिवशी काहीही ठरवू नका. जेवण, झोप आणि तिला जिकडे पाय नेतील तिकडे एक चक्कर. परतीचं तिकीट कामावर रुजू व्हायच्या आदल्या रात्रीचं न काढता त्याच्याही एक दिवस आधीचं काढा, म्हणजे घरी आल्यावर कपडे धुऊन, फोटो बघत बसायला एक पूर्ण दिवस हाताशी राहील.